अनुभव धागा: सोरायसिस, तुमच्याकडे कोणाला आहे का?

सुरंगी
गणपती तोंडावर आलेत म्हणून माळा आवरायला काढला तर बाबांची ट्रंक निघाली. आत सगळे फुल बाह्यांचे शर्ट, पांढरे नि फिकट निळे. रत्नागिरीचा मे महिना, सगळा गाव गंजीफ्रॉकवर ओटीवर बसलेला असायचा आणि आमचे बाबा मात्र मनगटाची बटणं लावून. आम्हा भावंडांना वाटायचं मास्तर आहेत, शिस्त असेल. मग मला कॉलेज संपता संपता कोपरावर चट्टा आला, लाल, वर पांढरी खपली, खाजवलं की पापुद्रे पडायचे. आई बघून एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांना पण आहे." तोवर घरात कधी चकार शब्द नाही! रात्री परसदारी बसून ते खोबरेल चोळायचे ते दिसायचं, पण आम्हाला वाटायचं सांधे दुखत असतील.

माझं आता औषधांवर बरं चाललंय, हाफ बाह्यांचे ब्लाऊज घालते, कोणी विचारलं तर सांगते. पण ते शर्ट बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढला. ज्यांना आहे, ज्यांच्या घरात आहे त्यांनी लिहा. काय लावलं, काय खाल्लं, कोण काय बोललं, सगळं चालेल. फक्त जडीबुटीवाल्यांचे नंबर टाकू नका प्लीज.

मोरी_मसाला
पहिला नंबर माझा. आधी मला सांगा मासे कोणाकोणाचे बंद केले? मला तर भेटेल तो यादी देतो. वांगं नको, आंबट नको, कोलंबी नको, सुकट नको, अंडं नको. मग जगायचं कशाला, तांदळाची पेज पिऊन? शेवटी स्किनच्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं तर म्हणाल्या बांगडा खा, तारली खा, त्या तेलानं बिघडत काही नाही, तुम्ही ते संध्याकाळचं बंद करा. संध्याकाळचं म्हणजे काय ते इथं फोड करून सांगायला नको. दारू, विडी-सिगरेट आणि पोटाचा घेर या तिघांनी हे दुखणं वाढतं म्हणे. घेर कमी केलाय. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा.

खाडीपलीकडे
संध्याकाळचं 😂😂
मोरी भाऊ तारली आमच्याकडे मिळेनाशी झालीय हो, आली तर भाव विचारवत नाही

वाडीतली_आशा
मी आशा सेविका आहे, गावात घरोघरी आरोग्याचं काम बघते, संगमेश्वर तालुका. आम्ही कुष्ठरोगाच्या सर्व्हेला घरोघर फिरतो तेव्हा हे सोरायसिसवाले हमखास भेटतात आणि दार लावून घेतात. एक आजी तर मागच्या दारानं पाणंदीत निघून गेल्या, नाव यादीत चढेल म्हणून. मग मी बसून समजावते की आजी कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बहुतेक वेळा कळतच नाही, टोचलं तरी कळत नाही, गरम गार कळत नाही, आणि तो खाजत नाही. तुमचं खाजतं, खपल्या पडतात, म्हणजे वेगळं दिसतंय, पण डॉक्टरांना दाखवू. आणि समजा कुष्ठरोगच निघाला तरी आता त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत नि पूर्ण बरा होतो, त्याला पण लपायचं कारण नाही. सोरायसिस तर लागतच नाही कोणाला. त्या आजींना शेवटी सोरायसिसच निघाला. आयुष्यभर वेगळं ताट घेऊन जेवल्या बाई. घरच्यांनी सांगितलं नव्हतं, त्या आपणहूनच.

आता भात लावणीची सुट्टी टाकलेली, जेवण करायचंय, नंतर येते.

सुरंगी
आशाताई 🙏 वेगळं ताट वाचून गलबललं. बाबांचा पण टॉवेल नि तांब्या वेगळा होता.

जुनं_पान
ही गल्लत फार जुनी आहे. युरोपातही शेकडो वर्षं सोरायसिसवाल्यांना कुष्ठरोग्यांत गणलं जायचं, १८४१ साली व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरनं दोन्ही रोग कायमचे वेगळे करून दाखवले. आणि आपल्या बाजूची एक गंमत सांगतो. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली पिवळी भुकटी पोर्तुगीज गोव्यात आणायचे, गजकर्णावर लावायला. गोव्याहून ती सगळीकडे गेली म्हणून इंग्रज तिला गोवा पावडर म्हणायचे. १८७०च्या दशकात लंडनच्या स्क्वायर नावाच्या डॉक्टरनं बघितलं की ती सोरायसिसवरही चालते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात झाडाची भुकटी मिळेना तेव्हा जर्मनांनी कारखान्यात तिचा भाऊ तयार केला, १९१६ साली. तोच डायथ्रेनॉल. आजही मलमात असतो. म्हणजे पणजीच्या धक्क्यावरून गेलेली वस्तू आहे ही.

मोरी_मसाला
गोव्याहून येणाऱ्या वस्तूंनी सोरायसिस वाढतो असं आत्ताच मी वर लिहिलंय आणि हे म्हणतायत बरा होतो. डॉक्टरीणबाईंना दाखवतो हा मेसेज.

खाडीपलीकडे
डायथ्रेनॉल मी लावलंय. गुण आला, पण चादरी, बनियन, बाथरूमची लादी सगळं तपकिरी जांभळं. अर्धा तास लावून धुवायचं असतं, फक्त चट्ट्यावर, बाजूच्या चांगल्या कातडीला लागलं तर चरचर भाजतं. बायकोनं शेवटी मला गोठ्यात जाऊन लाव म्हणून सांगितलं. म्हशीला काही प्रॉब्लेम नव्हता.

वेंगुर्ल्याची_माय
गो बाय माका पण आसा. मी काजीच्या कारखान्यात होतंय बियो फोडूक. हाताक चीक लागलो काय थंयच चट्टो उठता, खरचाटला तरी थंयच. डाक्टरान सांगल्यान ह्या रोगाक तशीच खोड आसा, खंय जखम झाली काय थंय जाऊन बसता. ग्लोज घाल म्हणान सांगल्यान. ग्लोज घालून बी फुटाक व्हयी ना! आता पॅकिंगक घातल्यानी माका, बरा आसा.

पावसचा_बागायतदार
वेंगुर्ल्याच्या ताई बरोबर बोलतायत, आमच्याकडे आंब्याचा चीक. देठ मोडला की चीक उडतो आणि जिथं भाजतो तिथं माझ्या दंडावर सरळ रेषेत सोरायसिस उठायचा. गडी म्हणायचे खाज्या लागला. डॉक्टरांनी त्याला एक जर्मन नाव सांगितलं, केब्नर का असंच काही. मी विचारलं पण हे होतं कशानं, रक्त खराब झालंय का, तर म्हणाले रक्त खराब वगैरे काही नाही, आपली रोगाशी लढणारी शक्तीच चुकून स्वतःच्या कातडीला चेतवते. साध्या माणसाची कातडी तळातून वर यायला महिनाभर घेते, तुमची चार-पाच दिवसांत वर येते. म्हणजे कसं, कोवळी कैरीच उतरवून पेटी भरायची नि ट्रक सोडून द्यायचा, मार्केटात माल नुसता साचतोय आणि पिकलेलं एकही नाही. ते साचलेलं म्हणजे खपली. हे मला एकदम पटलं, त्याआधी इतक्या जणांनी पित्त, वात, उष्णता सांगितली होती.

आता सिझनला फुल बाह्या नि तोडणीला जातच नाही शक्यतो, आंबे उतरवायचा झेला मुलाच्या हातात.

सून_राजापूरची
मी फक्त वाचणार होते पण लिहितेच. लग्नानंतरचा पहिला गणपती. माझ्या हाताला, बोटांच्या मागे चट्टे. मोदकाची उकड काढली नि मी पारी करायला बसले तर चुलत सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या तू नारळ खवायला बस बाहेर, नैवेद्याचं आहे. खवलेलं खोबरं त्याच मोदकात जाणार होतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही 🙂 मी बसले. खवले. रडले नाही तेव्हा.

नवरा मुंबईहून दुसऱ्या दिवशी पोचला (कोकणकन्या नेहमीप्रमाणे), त्याला कळलं तर त्याचं म्हणणं जाऊ दे, मोठी माणसं आहेत. त्याचाच जास्त राग आहे मला अजून. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण गौरीच्या दिवशी घावन घालायला मलाच चुलीपुढे बसवलं, त्या चुलत सासूबाईंच्या पंगतीला. त्यांनी खाल्ले. चार खाल्ले!

सुरंगी
सासूबाईंना माझा नमस्कार सांग गं

वाडीतली_आशा
राजापूरकर ताई तुमच्या चुलत सासूबाईंकडे मी सर्व्हेला येते 😄

देवरूख_कट्टा
आमच्यात नागाचं सांगतात. वारूळ मोडलं असेल, नाग मारला असेल कोणी मागच्या पिढीत. आजोबांना होतं तेव्हा गाऱ्हाणं, नारळ, कोंबडा सगळं झालं. गाऱ्हाणं घालायला माझा विरोध नाही, मी पण घालतो, मन शांत होतं. पण आजोबांचं बघा, चैत्र वैशाखात उन्हात नांगर नि राब, तेव्हा कमी व्हायचं, तेवढ्यात गाऱ्हाण्याचा महिना यायचा आणि गुण देवाला जायचा. खरा गुण उन्हाचा. आषाढात परत सगळं अंगावर.

लाल_परी
हे उन्हाचं खरंय. मी कुडाळची, मला लाईट लावलेले. म्हणजे फोटोथेरपी. एका कपाटात उभं करतात, सगळीकडून ट्यूबा, डोळ्यांना काळा गॉगल, नको ते भाग झाकून. उन्हात जे किरण असतात त्यातले ठरावीकच, ३११ नॅनोमीटरचे म्हणाला तो मुलगा. सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वाढवतात. दुखत वगैरे नाही, जरा ऊन लागल्याचं वाटतं. पण आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं आणि नेटानं दोन-तीन महिने. मुंबई पुण्याच्या माणसाला ठीक आहे, इथून दर खेपेला कोल्हापूर! सकाळची एसटी पकडून. जूनपर्यंत निभावलं, पाठ नि पोटऱ्या जवळजवळ साफ, मग घाटात दरड आली नि रस्ता बंद. खंड पडला की सेकंद परत कमी करून मागून सुरू करतात. माझ्या मैत्रिणीनं गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जा म्हणून सांगितलं, मग नंतर तिकडेच गेले, निदान घाट नाही मध्ये.

कंडक्टर ओळखीचा झाला होता. विचारायचा, आज किती सेकंद?

घावन_रस
मग समुद्रात डुंबलं तर? ते डेड सी का काय तिकडे परदेशात जातात ना लोक याच्यासाठी. आपल्याकडे तर दारात समुद्र.

जुनं_पान
डेड सी म्हणजे मृत समुद्र, त्यात मीठ आपल्या समुद्राच्या साधारण दहापट. आपल्यात लिटरला पस्तीसेक ग्रॅम. शिवाय तिथं माणसं आठवडेच्या आठवडे ऊन घेत पडतात, कामधंदा नाही, टेन्शन नाही. निम्मा गुण त्याचाच असणार.

खडपातली_कालवं
मी रोज समुद्राच्याच पाण्यात असते, कालवं काढायला. मला तळहाताला नि तळपायाला आहे. मोठ्या भेगा. खारं पाणी भेगेत गेलं की जीव जातो. समुद्रानं बरं झालं असतं तर अख्खा कोळीवाडा बरा असता. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं पाय धुवायचे नि ओल्यावरच मुठेल लावायचं, मोजे घालून झोपायचं. त्यानं भेगा भरतात, रोग जात नाही हे मला कळतं. पण भेग भरली तर उद्या कामाला जाता येतं ना.

घावन_रस
मुठेल म्हणजे?

खडपातली_कालवं
कोकमाचं तेल गो. रातांब्याच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळवायच्या, वर तेल येतं ते काढून थंड झालं की मुठीनं वळायचे गोळे. घट्ट असतं, थोडं गरम करून लावायचं. आमच्याकडे आता विकतचं मिळतं पण त्यात मेण घालतात असं वाटतं मला.

घावन_रस
अच्छा आमच्याकडे भिरंडेल म्हणतात. आजी पायाला लावायची. कुठं मिळेल चांगलं? मालवणच्या बाजारात?

खाडीपलीकडे
बाजारात नको, मे महिन्यात कोणाकडे तरी सांगून ठेवा. आमच्या शेजारच्या काकू करतात, पण त्यांचं वर्षभराचं आधीच बोललेलं असतं.

गोळ्यांचं_दुकान
मेडिकल आहे माझं. या धाग्यावर एक गोष्ट मोठ्यानं सांगायची आहे. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सोरायसिसला देतात, स्वस्त आहे, जुनी आहे, चांगली आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच. रोज नाही. आमच्या गावात एका म्हातारीला घरच्यांनी बीपीच्या गोळीबरोबर रोज दिली, वाटलं गोळी म्हणजे रोजचीच. काही दिवसांत तोंड आतून सोललं, पाणी गिळवेना, रक्तातल्या पेशी उतरल्या, ॲडमिट करावं लागलं. वाचल्या. तेव्हापासून मी पाकिटावर लाल पेनानं वार लिहितो, "फक्त रविवार", आणि घेणाऱ्याकडून वाचून घेतो. लोक हसतात, हसू देत.

बरोबर फॉलिक ॲसिड देतात ते दुसऱ्या दिवशी, डॉक्टर सांगतील तसं. मधूनमधून रक्त नि लिव्हर तपासायचं. दारू बिलकुल नाही (मोरी_मसाला लक्ष द्या). आणि मूल हवं असेल, बाईला असो की पुरुषाला, तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. बाईनं तर ती काही महिने आधीपासून बंद केलेली असावी लागते, गरोदरपणी ती घेऊन चालतच नाही.

मोरी_मसाला
माझं नाव सगळ्यांच्या तोंडी आलंय या धाग्यावर. मी मलमावरच आहे हो.

गोळ्यांचं_दुकान
मग मलमाचं पण ऐका. ते ट्यूबमधलं स्टेरॉइडचं, खरंच चांगलं औषध आहे, पण डॉक्टर सांगतील तेवढे दिवस नि तेवढ्याच जागेवर. लोक जुनी ट्यूब दाखवतात नि म्हणतात हीच द्या, वर्षानुवर्षं. कातडी पातळ होते, रेघा पडतात. पावसाळ्यात तर नायटा, गजकर्ण, सोरायसिस, सगळ्याला तीच ट्यूब. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की आधी खाज थांबते नि मग ते अंगभर पसरतं, ओळखू येईना असं होतं.

बंदरवाला_दादूस
माझं उलटं झालं. जांघेत आणि काखेत होतं, सगळ्यांनी गजकर्ण ठरवलं कारण जागाच तशी नि पावसाळा. बुरशीच्या गोळ्या, पावडरी, चड्ड्या उकळून धुतल्या, घरातल्या सगळ्यांच्या. काही फरक नाही. मग एका डॉक्टरनं पातीनं जरासं खरवडून काचेवर घेतलं, दुर्बिणीत बघितलं, बुरशी नाहीच. घडीतला सोरायसिस असतो म्हणे, तिथं घाम असल्यानं खपली धरत नाही, नुसतं लाल गुळगुळीत. त्यामुळे भलेभले फसतात. आता वेगळं सौम्य मलम आहे, बरं आहे. सहा महिने बायकोनं माझे कपडे वेगळे धुतले त्याचं काय ते विचारू नका.

चाकरमानी_दिवा_पॅसेंजर
सासऱ्यांचं लिहितो. एक होता, कुठला ते लिहीत नाही, पुड्या द्यायचा, काळी पावडर, मधातून. शंभर टक्के मुळापासून बरा. आणि खरंच हो, पंधरा-वीस दिवसांत अंग स्वच्छ! सगळ्या वाडीत बोभाटा, आणखी चारजण गेले. भूक वाढली, चेहरा गोल गरगरीत झाला, आम्ही म्हटलं तब्येत सुधारली. मग शुगर निघाली, कधी नव्हती ती. मग तो माणूस गायब झाला नि पुड्या संपल्या. आठवड्याभरात अंग सगळं लालेलाल, डोक्यापासून पायापर्यंत, पापुद्र्यांचा सडा, वर बारीक पुवाचे फोड. मे महिन्यात गोधडी घेऊन कुडकुडत होते. कातडी अशी सगळी पेटली की शरीर ऊब धरून ठेवू शकत नाही, पाणी जातं, हे धोक्याचं असतं, लगेच ॲडमिट. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टेरॉइड असणार, ते एकदम तुटलं की सोरायसिस असा उसळतो.

ते आता बरे आहेत. पुडीवाला नवीन नाव लावून दुसऱ्या तालुक्यात आहे असं ऐकतो.

सुरंगी
बापरे. म्हणूनच नंबर नको म्हटलं होतं.

निसर्गपुत्र_०७
असं सगळ्यांना एका माळेत ओवू नका, आयुर्वेदात पथ्य नि पंचकर्मानं माझ्या बहिणीला आराम आहे.

चाकरमानी_दिवा_पॅसेंजर
दादा पदवी असलेल्या वैद्यांबद्दल कोण बोलतंय. बहिणीला आराम आहे तर उत्तम. पुडीवर नाव नाही, बिल नाही, काय घातलंय ते सांगत नाही, त्याच्याबद्दल बोलतोय.

मालवणी_खाजा
मुलाला आठवीत असताना घसा धरला, ताप, चार दिवसांत गेला. पुढे दोन-तीन आठवड्यांनी पोटा-पाठीवर सगळीकडे लाल ठिपके, पाण्याचे थेंब उडाल्यागत. शाळेत बाईंनी घरी पाठवलं, गोवर की कांजिण्या. डॉक्टरनं पहिला प्रश्न केला, घसा दुखला होता का? घशातल्या एका जंतूनंतर मुलांना असा थेंबांचा सोरायसिस उठतो म्हणे, आणि बऱ्याच मुलांचा काही महिन्यांत आपोआप जातो. त्याचा गेला. पुन्हा येईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. शाळेसाठी चिठ्ठी मागितली की हा संसर्गजन्य नाही, ती मिळाली, बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली. पोरगा त्यावरून माझ्यावर चिडला होता, वाचायची काय गरज होती म्हणून.

ढोलवाला_गुहागर
शिमग्याला पालखीपुढे ढोल माझा असतो. एका वर्षी उजव्या हाताचं एक बोट अख्खं सुजलं, टोकापासून बुडापर्यंत, आणि सकाळी उठल्यावर मूठ वळेना तासभर. वाटलं ढोलानं झालं. युरिक ॲसिड नॉर्मल, संधिवाताची रक्ततपासणी नॉर्मल, मग पेनकिलर खात बसलो. पुढे चिपळुणात एका डॉक्टरनं माझी नखं बघितली. नखांवर टाचणीनं टोचल्याचे खड्डे होते, एक नख पिवळं पडून मुळापासून सुटलेलं. म्हणाले डोक्यात कोंडा आहे का? मी म्हटलं आहे की, लहानपणापासून, जातच नाही. केसांत बघितलं, कानामागे बघितलं, म्हणाले हा कोंडा नव्हे. सोरायसिसचा संधिवात. ज्यांना सोरायसिस आहे त्यातल्या दहापैकी दोन-तीन जणांना होतो आणि वेळेत धरला नाही तर सांधा वाकडा होऊन बसतो, परत सरळ होत नाही.

म्हणून ज्यांना सोरायसिस आहे आणि सकाळी सांधे आखडतात किंवा टाच दुखते त्यांनी ते वयावर ढकलू नका. मी गोळ्यांवर आहे. ढोल आहेच.

देवरूख_कट्टा
गुहागर कुठं? आमचे पावणे आहेत तिकडे.

ढोलवाला_गुहागर
शृंगारतळीच्या अलीकडे

देवरूख_कट्टा
अरे मग मागच्या शिमग्याला भेटलोय आपण! सहाणेवर. तुम्हीच ते निळ्या फेट्याचे?

ढोलवाला_गुहागर
निळा फेटा माझ्या भावाचा. मी त्याच्या बाजूला. पालखी नाचवताना खांदा कोणाचा निसटला ते बघितलंत का 😂

निवृत्त_तात्या
विषय भरकटला. माझे दोन शब्द. वयाच्या साठीनंतर मला प्रथमच उठला, घराण्यात कोणाला नाही. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या म्हणाले. त्यात रक्तदाबाची एक गोळी होती, बीटा ब्लॉकर गटातली, तिनं काहींचा सोरायसिस उठतो वा वाढतो. मनाच्या आजारावरचं लिथियम, मलेरियाच्या काही गोळ्या, त्यांचंही तसंच. गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून बदलली, मी परस्पर बंद केली नाही, ती एकदम बंद करणं हृदयाला धोक्याचं असतं. कमी झाला, गेला नाही. आमच्या हिने तेवढ्यात घरातला साबण, तांदूळ नि डाळ सगळं बदलून झालं होतं.

ठाणे_टू_देवगड
माझा जास्त होता, पाठ पूर्ण, डोकं, पाय. गोळ्या चालल्या नाहीत, लिव्हर वर गेलं. मग इंजेक्शन, बायोलॉजिक म्हणतात. हे शरीरातली ती चेतवणारी नेमकी वायरच कापतात असं मला समजलं. सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे नि टीबीची टेस्ट सक्तीची, कारण काहींमुळे झोपलेला टीबी उठू शकतो, आणि आपल्या देशात तो पुष्कळांच्या आत झोपलेला असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या बायोकॉननं इटोलिझुमॅब नावाचं एक २०१३ मध्ये बाजारात आणलं, बाहेरच्या कंपन्यांची पण आहेत, काहींच्या भारतीय आवृत्त्या निघाल्यानं दर उतरलेत. तरी परवडणारं नाही सगळ्यांना, हे प्रामाणिकपणे सांगतो, माझा ऑफिसचा विमा होता. विम्यात त्वचेचं बसत नाही म्हणून आधी नाकारलं, मग डॉक्टरांनी पत्र दिलं की हे ब्युटी पार्लरचं काम नाही.

साफ झालो. गावी गेल्यावर तळीत उघडा पोहलो, चुलतभाऊ म्हणाला तुझी पाठ गोरी आहे की रे.

सून_राजापूरची
इंजेक्शन थांबवलं की परत येतं का?

ठाणे_टू_देवगड
येऊ शकतं. काहींना लगेच, काहींना वर्षभर नाही. मुळापासून जाणारं औषध अजून तरी नाही, काबूत राहतं एवढंच. पण काबूत म्हणजे पूर्ण स्वच्छ पण असू शकतं, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

लाल_परी
२९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिवस असतो, तेव्हा कधी कधी फुकट कॅम्प असतात, चौकशी करून ठेवा.

वेंगुर्ल्याची_माय
डोक्यातल्या सोरायसिसाक दितत त्या डांबराच्या शाम्पूचो वास कसो घालवतास गो? माझी नात जवळ येना. म्हणता आजी रस्त्याचो वास येता.

खाडीपलीकडे
डांबरी रस्त्याचा वास कोकणात? नातीला ओळखीचा कसा काय? 😂 आमच्याकडे नुसते खड्डे.

सुरंगी
माय, रात्री लावायचा, दहा मिनिटं ठेवून धुवायचा, सकाळपर्यंत बराचसा जातो. सुरंगीचा गजरा माळायचा वर 🙂

नाव_नको
नवीन आयडी काढून लिहितेय. माझं लग्न ठरतंय. मला गुडघ्याला आणि डोक्यात आहे, साडीत दिसत नाही. आई म्हणते सांगू नको, लग्नानंतर बघू. मुलाकडचे दापोलीचे, माणसं बरी वाटतात. मुलांना होतं का हेही विचारायचं होतं.

गोळ्यांचं_दुकान
आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला व्हायची शक्यता शंभरात दहा-पंधराच्या आसपास धरतात. म्हणजे बहुतेकांना होत नाही. दोघांनाही असेल तर बरीच वाढते. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी आधी बोला, वर लिहिलंय.

सुरंगी
मी सांगितलं होतं. बघायला आले तेव्हा पोहे देऊन झाल्यावर मी मुलाला म्हटलं मला वेगळं बोलायचंय, पडवीत गेलो, बाही वर केली नि दाखवलं. आई आतून डोळे वटारत होती. तो म्हणाला दुखतं का. मी म्हटलं खाजतं. त्याआधीचं एक स्थळ याच्यावरूनच मोडलं होतं, ते पण खरं आहे, लपवून ठेवत नाही. तू तुझं ठरव, पण पुढे रोज मलम लावायचंय त्याच घरात, बाथरूमच्या कडी लावून किती वर्षं लावणार.

सून_राजापूरची
सांग गं. आणि नवऱ्यालाच नाही, सासूला पण सांग. मी त्याच क्रमानं सांगितलं असतं तर ते मोदकाचं झालं नसतं.

नाव_नको
रविवारी येतायत ते. बघते. थँक्यू सगळ्यांना.

मोरी_मसाला
सुरंगी, स्थळ मोडलं ते पोह्यांमुळे पण असू शकतं. वर ओलं खोबरं होतं की नाही?

सुरंगी
होतं हो! कोथिंबीर नव्हती.

मोरी_मसाला
मग बरोबर आहे त्यांचं.